मुरलेल्या तंत्राचे कारागीर : गुंपेई योकोई



या सदरात आपण बहुधा तुमच्या ओळखीच्या थोर व्यक्तींची चरित्रे वाचतो. या वेळचे नाव मात्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. नाव अनोळखी असले तरी त्यांची एक वस्तू तुमच्यापैकी अनेकांच्या अंगठ्याखालून गेलेली आहे. व्हिडिओ गेमच्या यंत्रावर डाव्या बाजूला अधिक चिन्हाच्या आकाराचे एक बटण असते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारही दिशा त्या एकाच बटणात. ते बटण ज्यांच्या डोक्यातून निघाले, ते जपानमधील क्योटो शहरचे गुंपेई योकोई. त्यांना जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला.

त्यांचीच निवड का, ते आधी सांगतो. या वर्षी आपल्या छंदवर्गातील आठवी-नववीच्या मुलांनी हातात मावेल असे एक खेळयंत्र तयार केले. त्याचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू नावाचा, एकाच पाटीवर बसवलेला संपूर्ण संगणक. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर. म्हणजे आगपेटीहून थोडा लांब आणि तिच्याहून पुष्कळ पातळ. तो टपालाने मागवावा लागला. बाकीचे सामान मुलांनी महाराज बाड्यावर आणि टोपी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांतून गोळा केले. लहान रंगीत पडदा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून लिथियमची बॅटरी आणि ती भारित करणारी छोटी पट्टी, चिमुकली दाबबटणे, वायर, आणि डबा म्हणून पत्र्याची कंपासपेटी. पत्र्यातून वीज वाहते, म्हणून पेटीला आतून पुठ्ठा चिकटवला. खेळ मात्र तेवढेच चढवले, जे त्यांच्या कर्त्यांनी स्वतःहून सर्वांना मोकळे करून दिले आहेत किंवा मुलांनी स्वतः लिहिले आहेत.

हे काम चालू असताना दोन प्रश्न उभे राहिले. पालकसभेत विचारले गेले, की मुले आधीच खेळात वेळ घालवतात, त्यात शाळेने भर का घालावी? प्रश्न रास्त होता. दुसरा प्रश्न मुलांचाच. त्यांच्यात दोन तट पडले. एका तटाला पाच इंची झगझगीत पडदा हवा होता, दुसरा तट म्हणत होता की त्याने बॅटरी तासाभरात बसेल. या दोन्ही वादांत उपयोगी पडेल असे एक आयुष्य आम्हाला ठाऊक होते. तेच इथे देत आहोत.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटोत झाला. त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले. अभ्यासात ते फार पुढे नव्हते. मोठमोठ्या विद्युत कंपन्यांनी त्यांना घेतले नाही. तेव्हा १९६५ साली घराजवळच्या एका कारखान्यात जी नोकरी मिळाली ती त्यांनी पत्करली. त्या कारखान्याचे नाव निन्टेन्डो.

आज हे नाव उच्चारले की व्हिडिओ गेमच आठवतात, पण तेव्हा तसे काही नव्हते. निन्टेन्डो ही १८८९ साली सुरू झालेली पत्ते बनवणारी पेढी होती. हानाफुदा नावाचे जपानी पत्ते हा तिचा मूळ धंदा. या पत्त्यांवर राजा-राणी नसतात, फुले असतात. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड वा फूल आणि प्रत्येकाची चार पाने, असे ४८ पत्ते. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या पत्त्यांविषयी लगेच आपुलकी वाटेल. तर असे पत्ते छापणाऱ्या यंत्रांना तेलपाणी करणे, बिघडले तर दुरुस्त करणे, हे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या योकोईंचे काम होते. पदवीच्या मानाने काम हलके होते, आणि यंत्रे नीट चालत असली की हातात पुष्कळ रिकामा वेळ उरे.

त्या रिकाम्या वेळात त्यांनी कारखान्यातल्याच हत्यारांवर गंमत म्हणून एक लाकडी खेळणे केले. बाड्यावरच्या जुन्या दुकानांची चॅनल गेट तुम्ही पाहिलीच आहेत. फुल्याफुल्यांची ती लोखंडी जाळी ओढली की पसरते, ढकलली की मिटते. योकोईंचे खेळणे त्याच रचनेचे होते. मुठी जवळ आणल्या की पुढचा हात लांब जातो आणि टोकाचा चिमटा वस्तू पकडतो. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारत असताना त्यांच्या नजरेला ते पडले. योकोईंना कचेरीत बोलावणे आले. कामाच्या वेळात खेळत बसल्याबद्दल आता कानउघाडणी होणार, या तयारीनेच ते गेले. परत आले ते या खेळण्याचे विक्रीयोग्य रूप तयार करण्याचा हुकूम घेऊन. १९६६ साली अल्ट्रा हँड या नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. यंत्रांना तेल घालणारा तरुण खेळणी तयार करण्याच्या कामावर गेला.

यामाउची हे कडक आणि लहरी गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. कामाच्या वेळात केलेल्या खेळण्यात धंदा दिसायला नजर लागते, ती त्यांच्याकडे होती हे मान्य केले पाहिजे.

पुढची दहा-बारा वर्षे योकोईंनी एकामागून एक खेळणी काढली. त्यातली दोन-तीनच सांगतो, कारण त्यांत त्यांची रीत स्पष्ट दिसते. १९६९ चे लव्ह टेस्टर घ्या. दोन माणसांनी यंत्राची एकेक मूठ धरायची, मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, मग यंत्राचा काटा हलून त्यांच्यात किती प्रेम आहे ते दाखवणार! विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आतली गोम लगेच कळेल. हे प्रयोगशाळेतल्या साध्या विद्युतमापकाचेच भावंड. दोन्ही शरीरांतून किंचित प्रवाह जातो, हाताला घाम आला असेल तर थोडा जास्त जातो, काटा पुढे सरकतो. नवीन शोध त्यात काही नव्हता. पण विद्युतमापक लोकांना हसवूही शकतो हे आधी कोणाच्या लक्षात आले होते?

त्यानंतर प्रकाशाची बंदूक आली. शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा सौरघट विकायला निन्टेन्डोत येत असत. सूर्यप्रकाशाची वीज करणारा हा घट योकोईंनी लक्ष्यावर बसवला. बंदुकीचा चाप ओढला की गोळीऐवजी प्रकाश सुटतो, घटावर पडला की लक्ष्य उडते. ही खेळणी १९७० पासून विकली गेली. पुढे हेच तंत्र मोठे करून १९७३ मध्ये बंद पडलेल्या बोलिंगच्या दालनांत नेमबाजीची केंद्रे उघडली गेली. पण त्याच वर्षी तेलाचे संकट आले, लोकांनी करमणुकीचा खर्च आखडता घेतला आणि कंपनी कर्जात बुडाली.

आम्हाला सर्वांत आवडते ते १९७२ चे लेफ्टी आरएक्स. ही दुरून रेडिओने चालवायची मोटार. तेव्हा अशा मोटारी फार महाग असत, कारण डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे अशा प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी व्यवस्था लागे. योकोईंनी विचार केला, की शर्यतीचा मार्ग गोल असतो आणि गोल मार्गावर गाडीला एकाच बाजूला वळायचे असते. म्हणून त्यांची मोटार फक्त डावीकडे वळे. बटण दाबले की डावीकडे, सोडले की सरळ. एकच आज्ञा, त्यामुळे किंमत कितीतरी कमी. उजवीकडे वळता न येणारी मोटार कोणी विकत घेईल का, असे वाटते ना? लोकांनी घेतली.

या रीतीला पुढे त्यांनी स्वतःच एक नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ वाळलेल्या, म्हणजे नव्हाळी ओसरलेल्या तंत्राचा आडव्या अंगाने विचार करणे असा होतो. मराठीत आम्ही मुरलेले तंत्र म्हणू, कारण लोणचे मुरले की चवीला उतरते हे आपल्याला सांगावे लागत नाही. नवे तंत्र महाग असते, त्याचे दोष कोणाला पुरते कळलेले नसतात आणि ते मोजकेच लोक बनवू शकतात. दहा-पंधरा वर्षे वापरात असलेले तंत्र स्वस्त झालेले असते, त्याच्या खोड्या सर्वांना पाठ असतात. मग त्याला त्याच्या नेहमीच्या कामातून काढून भलत्याच कामाला जुंपायचे. नवेपण वस्तूत नाही, वापरात शोधायचे.

या रीतीची पहिली मोठी परीक्षा आगगाडीत झाली. शिंकानसेन या जपानच्या वेगवान गाडीतून जाताना योकोईंना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत वेळ काढत होता. मोठ्या माणसालाही प्रवासात खेळावेसे वाटते, पण चारचौघांत खेळणे हातात धरायला तो लाजतो, हे त्यांनी हेरले. तळहातात लपेल असे, कॅल्क्युलेटरसारखे दिसणारे खेळणे केले तर? पुढे एकदा अध्यक्षांचा चालक आजारी असल्याने त्यांची मोटार चालवण्याचे काम योकोईंवर आले. वाटेत त्यांनी ही कल्पना सहज बोलून दाखवली. अध्यक्ष फारसे काही बोलले नाहीत. पण त्या दिवशीच्या बैठकीत ते शार्पच्या प्रमुखांच्या शेजारी बसले होते, आणि थोड्याच दिवसांत शार्पची माणसे निन्टेन्डोच्या दारात आली. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात तेव्हा जीवघेणी स्पर्धा होती, किमती कोसळत होत्या, आणि पडदे बनवणाऱ्या कारखान्यांना दुसरे काम हवेच होते.

तुमच्या कॅल्क्युलेटरचा पडदा नीट पाहा. आठचा आकडा सात काड्यांचा बनलेला असतो. त्यातल्या काही काळ्या केल्या की दोन दिसतो, दुसऱ्या केल्या की पाच. काड्यांच्या जागा मात्र कारखान्यातच ठरलेल्या असतात. योकोईंनी काड्यांऐवजी माणसाचे हात आणि चेंडू बसवले. एका चेंडूची पाच-सहा ठिकाणची चित्रे आधीच पडद्यावर असतात. ती एकापाठोपाठ काळी होत गेली की चेंडू उडाल्यासारखा वाटतो. आत कॅल्क्युलेटरचीच चकती, मनगटी घड्याळाचे चपटे सेल, आणि सोबत वेळ दाखवायची सोय. पहिला खेळ बॉल २८ एप्रिल १९८० रोजी विक्रीला आला. गेम अँड वॉच या मालिकेत पुढे सुमारे ६० खेळ निघाले आणि जगभर ४ कोटी ३० लाखांहून अधिक नग खपले. कंपनीचे कर्ज फिटले.

सुरुवातीला सांगितलेले बटण याच मालिकेत जन्मले. १९८२ साली डाँकी काँग हा खेळ दोन पडद्यांच्या, वहीसारख्या मिटणाऱ्या यंत्रात घालायचा होता. मोठ्या यंत्रांवर दिशा देण्यासाठी उभा दांडा असे. तो खिशात कसा मावणार? योकोईंनी दांडा काढून टाकला आणि सपाट फुलीसारखे बटण बसवले. मधोमध टेकू, चार टोकांखाली चार जोड. अंगठा न उचलता नुसता कलता केला की पुरे. टेकूमुळे समोरासमोरची दोन टोके एकाच वेळी दाबली जात नाहीत, ही त्यातली खरी हुशारी. आमच्या मुलांनी कंपासपेटीच्या यंत्रात हेच केले. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून अधिक चिन्ह कापले, खाली चार दाबबटणे लावली आणि मध्ये टेकू म्हणून माळेतला एक मणी ठेवला. मणी नसताना खेळातला गडी डावी-उजवीकडे एकदमच धावू पाही आणि जागीच थरथरे. मणी बसला, थरथर थांबली.

मधल्या काळातली कामे थोडक्यात सांगतो. पुढे जगप्रसिद्ध झालेले शिगेरू मियामोतो तरुणपणी डाँकी काँग रचत होते, तेव्हा त्यांच्यावर देखरेख योकोईंची होती. १९८६ चे मेट्रॉइड आणि किड इकारस हे खेळ त्यांच्याच विभागातून बाहेर पडले. अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळल्यावर दुकानदार असा माल ठेवायलाच तयार नव्हते. तेव्हा खेळयंत्राबरोबर द्यायचा एक छोटा यंत्रमानव त्यांनी तयार केला. यंत्रमानव हे खेळणे, त्यामुळे तो दुकानात सहज शिरला आणि त्याच्या आडून खेळयंत्रही शिरले.

आता त्यांचे सर्वांत मोठे काम, गेम बॉय. गेम अँड वॉचमध्ये एका यंत्रात सहसा एकच खेळ असे. आता खेळाची फीत बदलता येईल असे यंत्र करायचे होते. सहकारी सातोरू ओकादा यांना ते अधिक ताकदीचे हवे होते, योकोईंना स्वस्त आणि टिकाऊ हवे होते; दोघांच्या ओढाताणीतून मधला मार्ग निघाला. पडदा मात्र काळा-पांढरासुद्धा नाही, हिरवट. रुंदीत १६० ठिपके, उंचीत १४४, आणि रंगाच्या फक्त चार छटा. मागून उजेड नाही, म्हणजे अंधारात खेळायचे तर दिव्याखालीच बसायचे. काम करायला ८ किलोबाइट स्मृती. आमच्या कंपासपेटीतल्या पाटीवर ५१२ मेगाबाइट आहे. भागाकार करून पाहा, ती ६५,५३६ पट भरते.

हा पडदाही सुखासुखी मिळाला नाही. पहिला नमुना अध्यक्षांना दाखवला तेव्हा तो समोरून ठीक दिसे, पण जरा तिरके पाहिले की चित्र नाहीसे होई. अध्यक्षांनी तो नापसंत केला. शार्पचा कारखाना या कामासाठी उभा राहत होता, कंपनीचा शब्द गेलेला होता. योकोईंची अन्नावरची वासना उडाली. शेवटी दुसऱ्या जातीचा, तिरका पाहिला तरी दिसणारा पडदा जमला आणि काम पुढे सरकले.

रंगीत पडदा तेव्हा मिळत नव्हता असे नाही. मिळत होता, पण तो महाग होता आणि वीज खाई. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर साधारण १५ तास चाले. २१ एप्रिल १९८९ रोजी तो जपानमध्ये १२,५०० येनला विक्रीला आला आणि पहिले तीन लाख नग दोन आठवड्यांत संपले. त्याच वर्षी अटारी कंपनीचे लिंक्स आणि पुढच्या वर्षी सेगा कंपनीचे गेम गिअर आले. दोन्ही रंगीत, दोन्हींना मागून उजेड, दोन्ही दिसायला कितीतरी देखणी. आणि दोन्हींना सहा-सहा सेल लागत, ते चार-पाच तासांत संपत. प्रतिस्पर्धी नवे यंत्र काढतो आहे अशी बातमी सहकाऱ्याने आणली तेव्हा योकोईंनी एवढेच विचारले होते, की त्याचा पडदा रंगीत आहे का. रंगीत आहे असे कळल्यावर ते निश्चिंत झाले.

हा आत्मविश्वास आम्हाला विलक्षण वाटतो. शेजारच्या दुकानात रंगीत वस्तू मांडलेली असताना आपली हिरवट वस्तू घेऊन बसायला मोठी छाती लागते. त्यांचा हिशेब असा होता, की खेळात रंगलेला मुलगा रंग विसरतो, पण संपलेले सेल विसरू शकत नाही. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले. १९९१ च्या आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात भाजून निघालेला एक गेम बॉय पुढे बरीच वर्षे कंपनीच्या न्यूयॉर्कच्या दुकानात ठेवलेला होता. त्याचे कवच वितळले होते, पण तो चालत होता.

परदेशात गेम बॉयबरोबर टेट्रिस हा खेळ दिला जाई. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ साली रचला. वरून पडणारे ठोकळे रचून ओळ पुरी करायची, एवढेच. त्याला चार छटाही जास्तच होत्या. आपल्याकडे खरा गेम बॉय फार थोड्या घरांत पोचला. पण १९९० च्या दशकात ब्रिक गेम नावाचे स्वस्त यंत्र गावोगावच्या बाजारांत, आपल्या बाड्यावरही, खेळण्यांच्या दुकानांत लटकलेले असे. त्यावर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे, प्रत्यक्षात बहुतेक सगळे टेट्रिसचेच फेरफार. ठरावीक जागच्या चौकोनांचा काळा-पांढरा पडदा, कॅल्क्युलेटरच्या जातीचा, आणि दोन पेन्सिल सेल. घरी आई-बाबांना विचारून पाहा. आज खेळांविषयी काळजी करणाऱ्या पालकांपैकी काहींनी तो पांघरुणात लपून खेळलेला असेल.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. १९९५ साली योकोईंचे व्हर्च्युअल बॉय आले. चष्म्यासारख्या खोक्यात डोळे घालायचे आणि खोली असलेले, जवळ-दूर जाणवणारे चित्र पाहायचे. प्रत्येक डोळ्यासाठी लाल दिव्यांची एकच उभी रांग, आणि वेगाने डोलणारा आरसा त्या रांगेचे पूर्ण चित्र बनवी. लाल दिवे निवडले कारण ते स्वस्त होते आणि वीज कमी घेत. म्हणजे रीत जुनीच. तरीही यंत्र साफ पडले. जगभर पावणेआठ लाखांच्या आसपास नग विकले गेले आणि वर्षाच्या आत ते गुंडाळावे लागले. लोकांचे डोळे दुखत, डोके दुखे, आणि तिपाईवर ठेवलेले ते यंत्र धड खिशातले नव्हते, धड घरातले नव्हते.

मुरलेले तंत्र इथे का फसले? आमचे मत असे. लेफ्टी मोटारीत जे कापले ते खेळणाऱ्याला जाणवत नव्हते, गेम बॉयमध्ये जे कापले त्याच्या बदल्यात दहा तास जास्त मिळत होते. इथे काटकसर थेट डोळ्यांवर आली आणि बदल्यात काही हाती लागले नाही. शिवाय बाकीच्या यंत्रांत मित्र खांद्यावरून डोकावू शकत. या खोक्यात एकट्याने डोके घालायचे, बाहेरच्याला आत काय चालले आहे ते दिसतच नाही. तीस वर्षे लोकांना एकत्र हसवणारी खेळणी करणाऱ्या माणसाच्या हातून हे खेळणे झाले, याचे नवल वाटते.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी निन्टेन्डो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे गेले असे पुष्कळ जण म्हणत. पण स्वतंत्र काम करण्याचा त्यांचा विचार त्याआधीपासूनचा होता, आणि जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉय पॉकेट हे लहान, स्पष्ट पडद्याचे यंत्र पुरे करून दिले. अपयशावर काम सोडून जायचे त्यांच्या मनाने घेतले नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. क्योटोतच त्यांनी कोतो नावाची स्वतःची लहान कंपनी काढली आणि बांदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी नवे हातातले यंत्र आखायला घेतले.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतात होकुरिकू महामार्गावर त्यांची मोटार पुढच्या मालमोटारीला धडकली. काय नुकसान झाले ते पाहायला ते खाली उतरले, तेवढ्यात मागून आलेल्या दुसऱ्या वाहनाने त्यांना ठोकरले. ५६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. २००३ साली खेळ रचणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

आमच्या मुलांचा वाद कसा मिटला तेही सांगून टाकतो. दोन्ही पडदे पाटीला जोडून, त्याच बॅटरीवर, घड्याळ लावून मोजले. वायफाय बंद केल्यावर लहान पडद्याचे यंत्र साडेतीन तास चालले. मोठ्याने दोन तासही काढले नाहीत. लहान पडदा बसला. त्यावर पहिला खेळ जो चालला तो नववीच्या दोन मुलींनी लिहिलेला, वरून पडणारे पतंग झेलण्याचा. दोन छटांत.

पालकांच्या प्रश्नाला आम्ही उत्तर म्हणून एवढीच व्यवस्था केली आहे, की छंदवर्गात ज्याला खेळायचे असेल त्याने आधी यंत्र उघडून त्यातला कोणताही एक भाग काय काम करतो ते समजावून सांगायचे. खेळायला येणाऱ्यांची संख्या त्यामुळे निम्म्यावर आली, आणि सोल्डरिंग शिकायला येणाऱ्यांची वाढली.

योकोईंनी आखायला घेतलेले ते शेवटचे यंत्र त्यांच्या मृत्यूनंतर, ४ मार्च १९९९ रोजी जपानमध्ये वंडरस्वान या नावाने विक्रीला आले. किंमत ४,८०० येन, पडदा काळा-पांढरा. त्याबरोबर रेषा जोडण्याचा एक कोड्याचा खेळ आला, त्याला त्यांच्या स्मरणार्थ गुंपे हे नाव दिले होते. ते यंत्र एकाच पेन्सिल सेलवर ३० तासांहून अधिक चाले.